समुद्राची राखण

आमची स्नेहल मोठ्या बोटीवर नोकरीला आहे असं सांगितलं की महाडच्या बाजारपेठेत लोक आधी मला विचारायचे, "म्हणजे तिथं नाचते-बिचते का?" मेल्यांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. मी निवृत्त शिक्षिका, भर रस्त्यात शिव्या देणं मला शोभत नाही. म्हणून मी एवढंच म्हणायचे, "नाही हो, तुमच्यासारख्यांच्या पिशव्या तपासते." 

आणि खरंच, तेच तिचं काम. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी असतात ना, आत हॉटेलं, पोहायचा तलाव, नाटकाचं थिएटर असलेल्या, तसल्या एका बोटीवर ती सुरक्षा विभागात आहे. प्रवासी चढण्याआधी त्यांचं सामान यंत्रातून जातं आणि त्या यंत्रापाशी निळ्या गणवेशात ताठ उभी असते ती आमची स्नेहल, तुडील गावची. माझा थोरला भाऊ येसाजी आणि आनंदीवहिनी यांची एकुलती एक लेक. कॉलेजसाठी महाडला माझ्याच घरी राहिली, म्हणून अर्धी माझी. तोंडानं अर्धी म्हणते, मनात पाऊण धरते.

ही पोर लहानपणापासून अशीच. अंगणात भात वाळत घातलं की राखायला हिला बसवायचे, हातात चिंचेचा फोक देऊन. शेजारच्या साळूबाईची कोंबडी आली की फोक आणि घरची आली तरी तोच फोक. वहिनी आतून ओरडायची, "अगो, आपली हाय ती, खाऊ दे की दोन दाणे!" तर ही म्हणायची, "मग मला कशाला बसवलंस?" एवढीशी कार्टी, पण उत्तर तयार. वहिनी डोक्याला हात लावायची आणि मी पदरात तोंड घालून हसायचे.

बी.ए. झाल्यावर ती आमच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागली. बायकांच्या पिशव्या तपासायच्या. गावात लगेच कुजबुज झाली की एवढी शिकून शेवटी वॉचमनच झाली. तिला कशाचं काही नाही. तिथंच तिला कुणीतरी बोटीवरच्या भरतीबद्दल सांगितलं. मुंबईला जाऊन तिनं प्रशिक्षण घेतलं, आगीत काय करायचं, पाण्यात काय करायचं, सगळं शिकली, आणि एक दिवस नेमणुकीचा फोन आला. वहिनीनं रडून घर डोक्यावर घेतलं. येसाजीदादा रडला नाही, नुसता सावित्री नदीकडे बघत बसला.

दादाचं आणि पाण्याचं काय आहे ते सांगायला हवं. त्याचं शेत नदीच्या काठाला. एकवीस सालच्या पुरात सावित्री घरात शिरली, गोठ्यातली म्हैस दावं सोडायच्या आत गेली. तेव्हापासून तो पाण्याबद्दल हलक्या आवाजात बोलतो. आणि लेक नोकरीला कुठं, तर चहूबाजूंनी पाणीच पाणी! "राजे," मला तो राजेच म्हणतो, "राजे, नदीला काठ तरी असतो गो." मी त्याला झापलं, म्हटलं, दादा, ती बोट आपल्या गावाएवढी मोठी आहे, उगाच पोरीच्या मागं भीती लावू नकोस. पण भीती काय झापून जाते थोडीच.

सुट्टीला आली की स्नेहल पडवीत बसून बोटीवरच्या गमती सांगायची. अर्धी वाडी गोळा व्हायची. लोक दारू चोरून कशी आणतात याच्याच गोष्टी जास्त. एकानं म्हणे तोंड खंगाळायच्या औषधाच्या बाटलीत हिरवा रंग घालून व्होडका आणली. एकीच्या बॅगेत शाम्पूच्याच बाटल्या, आणि बाईचे केस खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत. एक तर पोटाला गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून गरोदर होऊन आली. स्नेहलनं कौतुकानं विचारलं, "कितवा महिना, ताई?" तर ती नवऱ्याकडे बघायला लागली आणि नवरा छताकडे! पडवीत हसून हसून लोक आडवे झाले होते.

दादाचा शेजारी महादू, तो जरा घेणारा. त्याला हे काही केल्या पटेना. "पण गो, एवढं तिकीट काढून बसणाऱ्यांना चोरून न्यायची गरजच काय?"

"भाव, महादूकाका," स्नेहल म्हणाली. "बोटीवरच्या एका पेगला जे पडतात ना, तेवढ्यात महाडच्या दुकानात आख्खी बाटली येते. वर टॅक्स निराळा."

"आयला! मग चोरणारच की! मी पन चोरीन."

"चोर, आणि बघ मी तुला कशी धरते ती."

हसण्यावारी गेलं, पण पोर मग गंभीर झाली. म्हणाली, भाव जास्त आहे हे खरं आणि कंपनी त्यावर कमावते हेही खरं. पण बारमध्ये देणारा माणूस तरी असतो, त्याला दिसतं की ह्याला आता पुरे, आणि तो थांबवतो. खोलीत लपवलेल्या बाटलीला पुरे म्हणणारं कुणी नसतं. एकदा असाच एक जण खोलीत ढोसून बाहेर आला आणि डेकच्या कठड्यावर चढून गाणं म्हणायला लागला. खाली काळं पाणी. स्नेहलनं मागून त्याच्या पट्ट्याला धरून त्याला आत ओढला, त्यात तिचा खांदा निखळला. "त्याची बाटली चढताना माझ्याच नजरेतून सुटली हुती," ती म्हणाली. "तवापासनं मी कुणाला सोडत नाय." ही गोष्ट तिनं घरी पहिल्यांदाच सांगितली. खांदा जिन्यावरून पडून दुखावला असंच आम्हाला माहीत होतं. वहिनी उठून आत गेली. दादा मात्र त्या एका गोष्टीपासून आणखीच धास्तावला.

यंदा उन्हाळ्यात तिला बढतीची संधी आली. चढतानाच्या सगळ्या तपासणीची इनचार्ज. तिच्या बोटीवर त्या जागी आजवर बाई बसली नव्हती. पण आधी एक फेरी करून दाखवायची होती. ती फेरी नीट झाली तर जागा हिची, काही गडबड झाली तर पुन्हा होती तिथं. नेमकी तीच फेरी आम्ही बघावी म्हणून तिनं आम्हा तिघांची तिकिटं काढली, दादा, वहिनी आणि मी. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत असते. फोनवर मला बजावलंन, "आत्या, घरच्यांकडं काय सापडलं तर जाब मला द्यावा लागतो, नोकरीवर पण येऊ शकतं. खायचं-प्यायचं काही आणू नका. आणि दारूचं तर विचारूच नको." मी हसले. आमच्यात दारू आणणार कोण? दादानं जन्मात थेंब घेतलेला नाही. तरी मी वहिनीला सांगितलं, बोटीवर खायचं-प्यायचं काही न्यायचं नाही, दारू तर नाहीच. वहिनीनं दादाला सांगितलं आणि दादा "बरं" म्हणाला.

आता इथं दादानं काय केलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते.

आमच्याकडे वर्षातून एकदा शिवेवरच्या देवाला राखण देतात. गावाच्या हद्दीवर शेंदूर लावलेला दगड आहे, तो गावाचा राखणदार. त्याला कोंबडा, नारळ आणि गावठी दारूची धार. मग तो वर्षभर माणसागुरांना सांभाळतो. स्नेहल बोटीवर गेल्यापासून दादा तिच्या नावानं वेगळा नारळ द्यायचा. पण त्याच्या मनाला एक गोष्ट कुरतडत होती. शिवेच्या देवाचा अंमल शिवेपर्यंत. समुद्रात त्याचं कोण ऐकणार? तिथं समुद्रालाच राखण द्यायला हवी, आणि तीही पोरगी जिथं असते तिथूनच, त्या बोटीवरून. आता बोटीवर कोंबडा नेता येणार नाही एवढं त्याला कळत होतं. नशीब माझं!

म्हणून त्यानं महादूकडून पावशेर गावठी आणली. एक मोठा नारळ घेतला, त्याची शेंडी अलगद उपटली, खालचा मऊ डोळा दाभणानं टोचून पाणी काढलं आणि त्यात दारू भरली. भोकात मेण. आणि वर शेंडी पुन्हा चिकटवली, कशानं? फणसाच्या चिकानं! घरी फणस फोडलेलाच होता. नारळ आणि धार एकदमच समुद्राला जाईल, असा हिशेब. "दारू न्यायची नाय असं सांगितलं हुतं ना?" असं मी नंतर विचारलं तर मला म्हणतो कसा, "ती पिणाऱ्यांची. ही देवाची." त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मुंबईच्या बंदरावर पोचलो तर हीऽ गर्दी. वातानुकूलित मोठी इमारत, रांगा, चाकांच्या बॅगा. आमच्याकडे एक बॅग आणि दादाची कापडी पिशवी. वहिनीनं नवं लुगडं नेसलेलं, दादानं धुतलेली टोपी घातलेली. आणि पुढे, यंत्रांच्या रांगेच्या तोंडाशी आमची पोर. केसांचा घट्ट बुचडा, छातीवर नावाची पट्टी, कमरेला वायरलेस. चार माणसं तिच्या हाताखाली. मी अख्खी हयात पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं, पण एवढं ताठ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं पुसलं.

आमच्या पुढं एक पांढऱ्या हॅटवाला गृहस्थ होता. हातात सोन्याचं कडं, तोंडात च्युइंगम. त्याच्या बॅगेत औषधाच्या मोठ्या बाटल्या निघाल्या, खोकल्याच्या. स्नेहलनं झाकण उघडून वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "सर, एवढा खोकला असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं लागेल." रांग हसली. तो भडकला. "तुम्ही लुटता लोकांना! एका पेगचे एवढे पैसे! आम्ही घरून आणलं तर गुन्हा? आणि तुमच्या स्टाफची माणसं काय हवं ते नेत असतील, त्यांना कोण विचारतो?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली, मी पुढे होणार तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. स्नेहलचा आवाज चढला नाही. "सगळ्यांना एकच नियम आहे, सर. बाजूला थांबा, प्लीज." तो बाजूला थांबला, पण बघत राहिला.

मग आमचा नंबर. नियम असा की आपल्या माणसांची तपासणी आपण करायची नाही. स्नेहल चार पावलं मागं सरली आणि अरविंद नावाचा तिचा सहकारी पुढे आला. आम्ही कोण ते त्याला माहीत होतं. त्यानं वाकून नमस्कार केला. पिशवी यंत्रातून गेली. "नारळ आहे का, काका?"

"समुद्राला हाय," दादा म्हणाला. खोटं एक अक्षर नाही.

"पूजेचा आहे, जाऊ द्या," अरविंद म्हणाला. नारळात पाणी असतंच, यंत्राला त्यात काय कळणार? पिशवी पलीकडे गेली. दादानं उचलली. संपलं होतं सगळं.

"अरविंद, थांबा."

स्नेहल जागची हलली नव्हती. ती नारळाकडे बघत होती. पिशवीच्या तोंडातून शेंडी वर आली होती आणि तिच्या बुडाशी एक काळपट, चकाकणारी रेघ होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती, दिसली तरी कळली नसती. पण जिनं जन्मभर मे महिन्यात हाताला तेल लावून फणस सोलले, तिला फणसाचा चीक कळणार नाही तर काय! मी तिचा चेहरा बघितला. रंग उतरला होता. तिला काय काय दिसलं असेल त्या क्षणात, बढती, नोकरी, बाजूला टपून उभा असलेला तो हॅटवाला, आणि टोपी घातलेला बाप. ती गप्प बसली असती तर देवालासुद्धा कळलं नसतं.

"तो नारळ परत घ्या," ती म्हणाली. "शेंडी ओढून बघा."

अरविंदनं ओढली. शेंडी हातात आली. खाली मेण. मेण काढल्याबरोबर जो भपकारा सुटला तो रांगेत मागपर्यंत गेला.

"वाऽ!" हॅटवाला टाळ्या वाजवायला लागला. "घरचाच माल! काका, आम्हाला पण शिकवा की!" रांगेत खसखस पिकली. कुणीतरी मोबाइल वर केला. दादाच्या हातात ती रिकामी पिशवी लोंबत होती. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, आणि चारशे लोकांसमोर दारुडा ठरला. 

स्नेहल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. घरात बापाला अरे-तुरे करणारी पोर. "हे सामान तुमचं आहे का?" तिनं विचारलं. तुमचं म्हणाली. वहिनीच्या तोंडून हुंदका निघाला.

"माझं हाय," दादा म्हणाला.

"आत काय आहे?"

"धार हाय. समुद्राची."

तिला कळलं. आमच्या तुडीलच्या पोरीला न कळून कसं चालेल?  पण ती अरविंदकडे वळली. "सीलबंद असती तर ठेवून परत देता आली असती. घरगुती आहे, ओतून टाका. आणि नोंद करा. नाव, येसाजी. नातं, सुरक्षा इनचार्जचे वडील." मग ती पुढच्या माणसाकडे वळली. "नेक्स्ट, प्लीज."

हॅटवाल्याच्या टाळ्या थांबल्या होत्या.

खोलीत गेल्यावर मी दादाला असा धुतला, असा धुतला की विचारू नका. समुद्र खिडकीतून दिसत होता, गाद्या मऊ होत्या, टेबलावर फळं होती, कुणाचं तिकडं लक्ष? "अक्कल कुठं गहाण टाकलीस? ज्या फेरीवर पोरीची बढती, त्याच फेरीला हे? आता तिची नोकरी जाते तुझ्या नारळापायी!"

तोवर तो मान खाली घालून ऐकत होता. नोकरी म्हटल्यावर वर बघितलंन. "नोकरी? ती कशी?" हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, सापडलं तर टाकून देतील, फार तर हसतील.

"घरच्यांकडे सापडलं की जाब तिलाच द्यावा लागतो, दादा."

तो उठला, टोपी नीट केली आणि दाराकडे निघाला. "कुठं चाललास?"

"तिच्या सायबाकडं. चूक माझी हाय ना, मग तिनं का भोगायचं?"

त्या गावाएवढ्या बोटीत साहेब शोधणं म्हणजे काय गंमत आहे? मी मागं धावले. विचारत विचारत पोचलो तेव्हा स्नेहल आतच होती, साहेबांसमोर उभी. नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढऱ्या मिश्या, मराठी आमच्यासारखीच. ती स्वतःहून आधी येऊन सगळं सांगून बसली होती.

दादा हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरीला काय ठाऊक नव्हतं. मी पीत नाय. ती पाण्यावर असते म्हणून पाण्याला द्यायची हुती. मला काय करायचं ते करा, तिला नका काढू."

 साहेबांनी विचारलं, "तुमचा नारळ तर पार झाला होता. मग थांबवला कुणी?"

"हिनंच."

"तिनं तो जाऊ दिला असता आणि मला उद्या कळलं असतं, तर ती गोव्यालाच उतरली असती." ते स्नेहलकडे वळले. "घरच्यांची सवलत वर्षभर बंद. हे मला करावंच लागेल."

"हो, सर."

"आणि परतीच्या फेरीत लोक चढताना गेटवर तूच. यापुढेही तूच. जा आता, रांग वाढली असेल."

तिनं सलाम केला आणि बाहेर पडली. जाताना दादाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती, मला माहीत आहे तिचा स्वभाव. मी मात्र तिथंच, साहेबांसमोर, ढसाढसा रडले. लाज वाटायचं वय गेलं आता.

दुसऱ्या दिवसापासून येसाजीदादाचं काय झालं, देव जाणे. जो माणूस पाण्याबद्दल मोठ्यानं बोलायलाही घाबरायचा तो सकाळी डेकवर! आणि भेटेल त्याला सांगतोय. नाश्त्याच्या रांगेत एका गुजराती कुटुंबाला सांगितलं. पोहायच्या तलावाशी बसलेल्या नव्या जोडप्याला सांगितलं. "काल नारळ धरला ना, तो माझा. आणि धरणारी कोण? माझीच पोर." वहिनी लाजेनं चूर. "अहो, आपलीच फजिती काय सांगत फिरताय?" तर म्हणतो, "फजिती माझी गो. तिची कुठं?" आणि पुन्हा दुसऱ्याला गाठायचा. हॅटवाला समोरून आला तर त्यालाही थांबवून म्हणाला, "काय हो, तुम्ही म्हणत हुतात ना स्टाफच्या माणसाला कोण इचारतं? बघितलंत?" हॅटवाल्यानं हॅट काढली. 

दुपारी मात्र दादा मला म्हणाला, "राजे, तुझं ते कार्ड दे." बोटीवर रोख चालत नाही, कार्डावर चढतं. मी विचारलं कशाला, तर तो सरळ बारकडे निघालेला! मी आणि वहिनी मागं. उंच स्टुलावर चढायला जमेना म्हणून उभ्यानंच त्यानं विचारलं, "सगळ्यात ल्हान ग्लास केवढ्याला?" बारवाल्यानं आकडा सांगितला. दादाचे डोळे विस्फारले. "आईशप्पथ! एवढ्यात तर आमच्या आख्ख्या गावाची राखण होते, कोंबड्यासकट!" बाजूचे लोक हसले. मला वाटलं, आता मागं फिरेल. हा माणूस भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालतो. पण तो म्हणाला, "द्या. आणि पावती पण द्या."

एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पावती, असा तो डेकवर निघाला. ऊन चढलेलं, पाणी चमचमत होतं, लांबवर कोकणचे डोंगर निळे दिसत होते. कठड्याशी स्नेहल फेरीवर होती. बापाच्या हातात ग्लास बघून तिचा जीव वर-खाली झाला असणार.

"आबा! हे काय?"

"इकत घेतलीय. पावती हाय." त्यानं पावती पुढं केली. "आज आधी इचारतो. समुद्राला देऊ?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. मला इतका राग आला त्या बोटीचा! म्हातारा एवढे पैसे मोजून, पावती घेऊन, रीतसर परवानगी मागतोय. द्या की एकदाची. पण ती हळू आवाजात म्हणाली, "नाय रे आबा. बोटीवरनं समुद्रात काहीच टाकायचं नाय. फूलसुद्धा नाय. तो पण नियम हाय."

"कुणालाच नाय?"

"कुणालाच नाय."

दादा थांबला. मला वाटलं, आता चिडेल, निदान तोंड तरी पाडेल. काल नारळ गेला, आज हे. त्यानं ग्लासाकडे पाहिलं. मग त्या पोरीकडे, पायांतल्या काळ्या बुटांपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत, असा बघत राहिला की जणू आज पहिल्यांदा भेटतोय. पुढं आला. गुडघे धरून खाली वाकला आणि तो ग्लास तिच्या बुटांसमोर, डेकच्या फळ्यांवर, शिवेवरच्या दगडापुढं ठेवतो तसा नीट ठेवला. आपली टोपी काढली आणि हात जोडले.

"आबा, काय करतोस!" तिनं खाली बसून त्याचे दोन्ही हात धरले. आजूबाजूची माणसं थबकली होती. तिला रडू आवरत नव्हतं. "उठ आधी. लोक बघतायत. ड्युटीवर हाय मी."

"म्हायत हाय मला," दादा म्हणाला. "म्हणून तर."